सल्ल्याचा रकाना

पर्वतीच्या पायथ्याशी दवाखाना,
जिन्याखाली माझं टेबल.
रजिस्टरातलं संगणकात भरतो.
अकरा महिन्यांचा करार, एक दिवस खंड, पुन्हा अकरा.

हेमलता धेंडेचं अक्षर मी झोपेतही ओळखेन.
तिच्या ळ ला लांब शेपूट, आकडे मात्र ताठ:
रक्तदाब एकशे अठ्ठावन्न, शहाण्णव.
हिमोग्लोबिन आठ पूर्णांक दोन.
गल्लीबोळ चढून घराघरातून गोळा करते,
मोबदला घरामागे, मोजून.

शेवटचा रकाना: सल्ला.
तिथं टिचकी मारली की चार शब्द खाली उतरतात,
आहार, व्यायाम, विश्रांती, औषधोपचार,
आणि तळाशी, सावत्र पोरासारखं
अंग चोरून बसलेलं
इतर.

तीन वर्षं ती शहाण्यासारखं लिहायची.
बायडाबाई उकिरडे: पालेभाज्या खा.
दिगंबर लोणकर: रोज अर्धा तास चाला.
मी भरायचो. आहार, व्यायाम, आहार,
मधेच चहा.

मग एका मंगळवारी रजिस्टर उघडलं
तर बायडाबाईसमोर:
मेथीची जुडी तीस रुपये.
हिला दिवसाचे दोनशे दहा, खाडा झाला की तेही नाहीत.
आधी मजुरी वाढवा, मग मेथी सांगते.

मला वाटलं, घरचा हिशोब चुकून इथं उतरला.
पान उलटलं.

निलोफर तांबोळी, वय चोवीस, खोकला.
भोसरीला मुलाम्याच्या कारखान्यात, दोन बस बदलून.
सल्ला: वाफ ओढून घेणारं यंत्र बसवा.
उरलेलं पाणी नाल्यात सोडू नका,
नाला नदीला जातो,
नदीच्या पाण्यावर ती तीस रुपयांची मेथी.

दिगंबर: दिवसाला साठ जिने चढून पार्सलं पोचवतो.
याला चाला म्हणायची मला लाज वाटते.
सोसायटीच्या लिफ्टमधून जाऊ द्या.

सोजराबाई: झोप नाही.
नळ रात्री दोनला येतो.
गोळी नको. नळाची वेळ बदला.

मी काय करणार?
इतर. इतर. इतर.
महिनाअखेरीस तक्ता निघाला,
गोल चित्रात इतर एवढं ऐसपैस
की बाकीचे चौघे कडेला,
पीएमटीच्या दारात लोंबकळणाऱ्यांसारखे.

साहेब वाईट माणूस नव्हे.
चष्मा पुसत म्हणाला,
पिसाळ, आपलं खातं आरोग्याचं.
मजुरी कामगार खात्याकडे,
नळ पाणीपुरवठ्याकडे,
नदी... नदी कुणाकडे रे?
आम्ही दोघांनी खरंच थोडा वेळ
आठवून पाहिलं.

पंधरा दिवसांत वरून दुरुस्ती आली.
इतर काढून टाकलं होतं.

हेमलताला सांगितलं.
ती स्टुलावर टेकली, तांब्याभर पाणी प्याली,
ऊन अजून तिच्या पदरात होतं.
मग पिशवीतून यंत्र काढून म्हणाली, हात पुढे करा.
पट्टा फुगला, दंड आवळला,
जिन्यावरून कुणी तरी धडधडत गेलं.
तेहेतिसाव्या वर्षी
एकशे शेहेचाळीस, चौऱ्याण्णव.

तिनं माझं नाव घातलं रजिस्टरात.
पिसाळ, म्हणजे शेपूट आलंच.
आणि सल्ल्यापुढे न थांबता लिहिलं,
कायम करा.

तुमचा कधी मोजलात? मी विचारलं.
पट्टा गुंडाळत म्हणाली,
मला कोण लिहिणार?
आणि गेली, उरलेली अकरा घरं करायला.

संध्याकाळी माझी नोंद उघडली.
चार शब्द उतरले.
एकालाही बोट लावलं नाही,
तसाच पुढे जायला निघालो.

पडद्यावर लाल अक्षरं आली:
हा रकाना भरणे अनिवार्य आहे.